डिफरन्शियलमधलं ऑइल कुठे गेलं?

ट्रकखालची जमीन कोरडी होती आणि डिफरन्शियलमधलं ऑइल पुन्हा कमी झालं होतं. मालकांना एवढा पुरावा पुरला.

"गळती नाही, मग ऑइल गेलं कुठे? वानखडे, तुम्ही पिता का?"

बाकीचे ड्रायव्हर हसले. वानखडे मूळचा यवतमाळकडचा, सरळ माणूस. मागून आवाज येतोय, हे त्यानंच मला येऊन सांगितलं होतं.

मी या ट्रान्सपोर्ट कंपनीचा वर्कशॉप इन्चार्ज. डिफरन्शियल म्हणजे ट्रकच्या मागच्या चाकांमधला तो गोल डबा. इंजिनची ताकद त्यातल्या गिअरमधून चाकांना मिळते. ऑइल कमी पडलं की आधी आवाज येतो, मग दात तुटतात. मी ऑइल अडवणारं रबरी सील बदललं होतं. घाटातला जड माल म्हणून ८०W-९० ऐवजी जास्त घट्ट ८५W-१४० भरलं होतं. फरक शून्य.

मी म्हणालो, "साहेब, वापरलेल्या गिअर ऑइलच्या वासानं जेवण जात नाही. ते विकत घेणार कोण?"

"अहो इनामदार, मंडईत सडकी वांगीही खपतात."

वानखडेला त्याच दिवशी काढलं. त्याच्या जागी मालकांच्या मेहुण्यानं पाठवलेला ड्रायव्हर आला. ऑइल पुन्हा कमी. या वेळी मालक म्हणाले, "सीलच खराब असणार. बघा जरा." माझं डोकंच फिरलं.

गाडी घाट उतरून आली, ती गरम असतानाच खालून तपासायच्या पिटवर घेतली. ऑइल भरायचा प्लग सैल केला, तर फुस्स करून हवा सुटली. मग लक्षात आलं. डिफरन्शियलवर ब्रीदर नावाची छोटी टोपी असते. ऑइल तापलं की आतली हवा तिथून बाहेर पडते. ती वाट बंद झाली, तर दाब सीलमधून ऑइल बाहेर ढकलतो. तेही गाडी पळताना, रस्त्यावर. उभी राहून थंड झाली की गळती बंद.

ब्रीदरवर काळ्या रंगाचा जाड थर होता. खंडेनवमीच्या पूजेआधी मालकांनी बाहेरच्या गॅरेजातून गाडी रंगवून आणली होती. "खालूनही चकचकीत पाहिजे," हे त्यांचेच शब्द.

मी वानखडेला फोन केला. सगळं ऐकून तो म्हणाला, "सायेब, मले सगळ्यायपुढं चोर म्हटलं. मालकाले सगळ्यायपुढंच 'चोर नाही' म्हणू द्या. मंग येतो."

नारायण पेठेतल्या ऑफिसात जाऊन मी ते मालकांच्या कानावर घातलं.

"पगार वाढवतो म्हणावं. माफीबिफी मागितली तर उद्या सगळे डोक्यावर बसतील."

वानखडे आला नाही. मला अजून त्या गोष्टीची लाज वाटते.

आता मागून आवाज आला तरी एकही ड्रायव्हर तोंड उघडत नाही. परवा एक गाडी टो करून आणली. डिफरन्शियलमध्ये क्राउन गिअरच्या दातांचा चुरा होता. ड्रायव्हरला विचारलं, "आधी आवाज आला नव्हता का?"

"आला होता साहेब. पण सांगून चोर कोण होणार?"