वरच्या खोलीतली कॉफी

माझ्या मुलाला आणि सुनेला वाटतं, वरच्या खोलीत राहून गेलेल्या हिरुतशी माझा संबंध भाड्यापुरता होता. गल्लीलाही तेच वाटतं. वाटणारच — मीच तसं सांगत आलेय. आज ते मोडते. आणि आधीच सांगते, डोळे पुसत वगैरे लिहीत नाहीये. तुम्हीही हळहळू नका.

हिरुत इथिओपियाची. सांगलीत कॉलेजला होती, तेव्हा आमच्याकडं भाड्यानं राहायची. नवरा गेलेला, मुलगा पुण्यात नोकरीला — घरात मी एकटी. रविवारी दुपारी ती जिन्यातून हाक मारायची, "मावशी, कॉफी!" त्यांच्यात म्हणे कॉफी एकटीनं प्यायची नसते, शेजारपाजाऱ्यांना बोलवायचं असतं. तिनं सगळ्या गल्लीला बोलावून पाहिलं होतं. गेले ती एकटी मीच.

मी जन्माची चहाबाज. पण ती हिरव्या बिया धुऊन तव्यावर भाजायची, तडतडायला लागल्या की तवा माझ्या नाकापुढं आणायची — आधी वास घ्यायचा, मग पुढचं. माझ्याच खलबत्त्यात कुटायची. लांब मानेच्या काळ्या मातीच्या भांड्यात उकळून बिनकानाच्या इवल्याशा कपांत उंचावरून धार धरायची. सोबत लाह्या, कोपऱ्यात धूप. त्याच चोथ्यावर पाणी घालून तीनदा कॉफी व्हायची. तिसऱ्या कपाला ते बरका म्हणतात, म्हणजे आशीर्वाद. तो न घेता उठणं म्हणजे घरच्या बाईचा अपमान. मी कधी उठले नाही. त्या तीन कपांत मी तिला काय काय सांगितलंय! सासूचं, नवऱ्याचं — सख्ख्या बहिणीला सांगितलं नाही तेसुद्धा. तिला निम्मं तरी कळत होतं का? पण ऐकायची. फार बरं वाटायचं मला, खोटं कशाला बोलू?

खोटं — तेच तर सांगायचंय.

वर जाताना मी हातात वाळवणाची परात घ्यायची. कुणी पाहिलंच तर गच्चीवर चाललेय म्हणायला. त्या काळ्या पोरीकडं जाऊन बसते, असं कुणी बोलू नये म्हणून. आमच्याइतके पापड अख्ख्या गल्लीत कुणी वाळवले नसतील. हसा, हरकत नाही. मला तेव्हा ते शहाणपण वाटायचं.

मग मुलाच्या लग्नाचं बघायला लागलो. एका रविवारी आटपाडीहून मुलीकडची मंडळी घर बघायला आली — मुलीचे आई-वडील आणि आजोबा, जुने फौजी. मी पोह्यांच्या बशा देत होते आणि वरून भाजल्याचा वास खाली उतरला. मुलीच्या आईनं विचारलं, "कसला वास यायलाय वो?"

एवढंच. आणि मी — कुणी पुढं काही म्हणायच्या आत — बोलून मोकळी झाले. भाडेकरू आहे, आफ्रिकेची. काहीतरी जाळत बसते. आम्ही तिच्या हातचं पाणीसुद्धा घेत नाही.

दारात हिरुत उभी होती, तबक घेऊन. माझ्याकडं पाहुणे आलेत म्हणून तिनं कॉफी केली होती. माझा मान राहावा म्हणून. एव्हाना मराठी तिला चांगली कळत होती. एका शब्दात तिला मला उघडं पाडता आलं असतं — पाडायला हवंच होतं. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "मावशी कधी घेत नाहीत. मीच चुकून आणलं." आणि तबक घेऊन जिना चढून गेली. माझं खोटं तिनं स्वतःच्या अंगावर घेतलं.

आजोबा बशी खाली ठेवत म्हणाले, "आवं, माघारी का लावली पोरीला? वास लय भारी हाय. प्यालो असतो की आमी!"

"व्हय की," मुलीची आई म्हणाली.

तेव्हा तरी हाक मारायची होती ना? ती अजून जिन्यातच असेल. मी म्हणाले, चहा टाकते.

पुढच्या रविवारी वास आला, हाक आली नाही. नंतरही कधी आली नाही. रुसली होती म्हणाल, तर तसंही नाही. समोर आली की हसायची, दुकानातून काही आणू का विचारायची. मला लोकांत अडचण नको म्हणून तिनं बोलावणं बंद केलं होतं. खिडक्या लावून एकटी कॉफी प्यायची — जे त्यांच्यात करायचं नसतं ते, माझ्या घरात. मला हे कळत होतं. तरी मी जिना चढले नाही. शिक्षण संपलं, ती गेली.

लोक म्हणतील, काय करणार बाई, सोयरिकीचा प्रश्न, समाजाची भीती. अजिबात नाही. ही पळवाट मला देऊ नका. समाज त्या दिवशी माझ्याच सोफ्यावर बसून कॉफी मागत होता. हिरुतनं मला माफ केलं का? विचारलेलं नाही, विचारणारही नाही.

सून त्याच आटपाडीच्या घरातली, ती हे वाचेल. वाचू दे. तिच्या माणसांना कॉफी चालणार होती, आणि हाक मारायला मला तोंड होतं. मी मारली नाही.