नुसती टेस्टिंग

साउंडवाले काका माइकवर नखाने दोनदा टकटक करायचे आणि म्हणायचे, "नुसती टेस्टिंग हाय."

आमच्या कामोठ्याच्या सोसायटीत गणपतीच्या साउंडचं काम त्यांच्याकडे असे. ते मूळचे इथलेच. सेक्टर होण्याआधी इथे त्यांची भातशेती होती. तुमच्याही सोसायटीत असं कोणीतरी असेल. नियमाप्रमाणे गाणी गणपती बसल्यावर. त्याआधी वाजायची ती टेस्टिंग.

मी वहीत नोंद ठेवत होतो. एका वर्षी टेस्टिंग नऊ दिवस आधी सुरू झाली, पुढच्या वर्षी सतरा, त्याच्या पुढच्या वर्षी अडतीस. शेजारच्या रकान्यात मोबाइलवर मोजलेला आवाज. तोही चढत होता.

"काका, अजून आषाढ संपला नाही. दिव्यांची अमावस्या व्हायची आहे."

"मंग अमावस्येला बंद ठेवतो. अजून काय?"

मी लेखी तक्रार केली. कमिटीने रविवारी मीटिंग लावली. विषय, साउंड त्यांच्याकडून काढून घ्यायचा का. आदल्या संध्याकाळी मी त्यांना वेळ सांगायला खाली गेलो. स्पीकर बंद होता, ते पाठमोरे वायर गुंडाळत होते. तीन हाका मारल्या. वळले नाहीत. समोर जाऊन उभा राहिलो तेव्हा दचकले.

"ऐकू येत नाही का?"

माझ्या ओठांकडे बघत म्हणाले, "येतं थोडं. म्हनून आधीपासून लावतो. कोनतं बटन किती फिरवायचं ते हाताला पाठ होतं." मग हळू म्हणाले, म्हणजे त्यांच्या मते हळू, "मीटिंगमधी बोलू नका, भाऊ. ज्येष्ठ म्हनून खुर्चीत बसवतील मला."

मीटिंगमध्ये मी तारखा वाचल्या.

"आणि आवाज?" सेक्रेटरींनी विचारलं.

"मर्यादेत," मी म्हणालो. ते खोटं होतं. वही मिटून घेतली.

ठरलं ते असं, की टेस्टिंग फक्त सात दिवस आणि साउंड त्यांच्याकडेच. सात दिवस त्यांना पुरणार नव्हते. म्हणून आरतीला मी त्यांच्या टेबलासमोर उभा राहू लागलो. बोट वर केलं की आवाज वाढवायचा, खाली केलं की कमी. पहिल्या दिवशी बायकोने विचारलं, "तुम्ही मंडपात उलटे का उभे होता?" मी म्हटलं, काम आहे.

असे तीन गणपती झाले.

यंदा ते नाहीत. फाल्गुनात गेले. साउंड आता कोणाच्या तरी मोबाइलवरून चालतो, आवाज मर्यादेत असतो. मी मोजला.

त्या तीन वर्षांतल्या मूर्ती कशा होत्या ते मला सांगता येणार नाही. माझी तिकडे पाठ असायची, आणि ते माझ्या बोटाकडे बघत असायचे. यंदाची मूर्ती नीट दिसली.