रोमच्या खोलीत कडी आहे काय?

आमच्या लेकीच्या वाट्याला रोम आलं तेव्हा ती दीड वर्षाची होती आणि तिला बकरीशिवाय जगात कशाचंही कौतुक नव्हतं. माझ्या नवऱ्याला पोर्तुगालमध्ये नोकरी लागून सात-आठ महिने झाले होते. त्याचं तिकडे बस्तान बसेपर्यंत मी लेकीला घेऊन उंद्रीला आईबाबांकडे राहत होते. शेवटी त्याला घर मिळालं, आमची कागदपत्रं झाली आणि एका संध्याकाळी त्याचा फोन आला. तिकिटं काढली होती. मुंबईहून रोम, रोमला बावीस तास थांबायचं आणि मग पुढचं विमान.

"बावीस तास म्हणजे छोटीशी सहलच की!" तो म्हणाला. दीड वर्षाच्या पोरीबरोबर सहल, असं फक्त तोच बाप म्हणू शकतो जो सात-आठ महिने त्या पोरीपासून लांब राहिलेला असतो.

पाठोपाठ त्याची यादी आली. नऊ ठिकाणं. पडक्या इमारती, कारंजी, चर्च, आणि एका ठिकाणी तर नुसत्या पायऱ्या. नवरा पुण्याचा, त्यामुळे उंटावरून शेळ्या हाकायचं शिक्षण घरीच झालेलं. मी माझी यादी केली. तीत चार गोष्टी होत्या: सावली, पाणी, दूध गरम करून देणारं कुणीतरी आणि दुपारी बारा ते दोन झोपायला जागा. घोडं अडलं ते या चौथ्या गोष्टीपाशी.

कारण आमची लेक झोळीतच झोपायची. आईच्या जुन्या सुती लुगड्याची झोळी, मधल्या खोलीत छताला असलेल्या लोखंडी कडीला बांधलेली, आणि झोका द्यायला बाबा, म्हणजे तिचे आबा. दुसऱ्या कुणाच्या हातचा झोका तिला चालायचा नाही. दुपारची झोप चुकली की ती संध्याकाळी घर डोक्यावर घ्यायची. रोममध्ये मी एकटी, दोन पिशव्या, एक पोर, आणि डोक्यावर घ्यायला घरही परक्याचं.

"सहल-बिहल काही नाई, मुक्काम म्हण ना," बाबा म्हणाले आणि त्यांनी सगळा कारभार हातात घेतला. बाबा लाल गाडीचे, म्हणजे एसटीचे ड्रायव्हर होते. नोकरीची शेवटची कितीतरी वर्षं ते नांदुऱ्याहून निघणारी मुक्कामी गाडी चालवत. नांदुरा, खामगाव, उंद्री आणि पुढे अमडापूर, तिथे गाडी लावून गाडीतच झोपायचं. स्वतःच्या घरावरून गाडी न्यायची आणि पुढच्या गावात झोपायचं, अशी ती गंमत होती. उंद्रीला ते एकदाच हॉर्न द्यायचे, मग मी पळत जाऊन खिडकीतून डबा द्यायचे. त्यामुळे मुक्काम या विषयात घरात त्यांच्यापुढे कुणी बोलायचं नाही.

"मुक्कामाच्या गावात तीन गोष्टी पाह्यच्या," त्यांनी मला सांगितलं. "गाडी कुठं लागते, पाणी कुठं भेटते अन् सकाळी उठवते कोण. तुह्यासोबत लेकरू आहे, म्हून चौथी गोष्ट, कडी. विचार त्यायले, खोलीत कडी आहे काय?"

नवऱ्यानं एका बाईंच्या घरातली खोली घेतली होती. त्यांना मी मोबाइलवरून इंग्रजीत नम्रपणे विचारलं, की छताला वीस किलो वजन पेलेल अशी मजबूत कडी आहे का? तासाभरात उत्तर आलं: कडी कशासाठी हवी? मी तेव्हा पोरीच्या तोंडावरचं वरण पुसत होते आणि बाबा माझ्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावत होते.

"खरं ते लिही ना. लेकरू टांगाचं आहे म्हणाव, दुपारभर."

आणि मी, एवढी शिकलेली, घाईघाईत शब्दाला शब्द ठेवून तेच लिहून पाठवलं.

दोन दिवस रोमहून काहीच आलं नाही. तिसऱ्या दिवशी लांबलचक पत्र आलं. आपण स्वतः आजी असल्याचं बाईंनी लिहिलं होतं, प्रवासात आईवर ताण येतो हे आपल्याला कळतं असंही लिहिलं होतं, आणि शेवटी एका लाकडी बाळ-पलंगाचा फोटो होता. मी कपाळाला हात लावला आणि झोळीचा फोटो पाठवून सगळं नीट समजावून सांगितलं. बाबांचं लक्ष मात्र त्या पलंगाच्या कठड्यांकडे. "बकरीच्या पिल्लाले ठेवतेत असं," ते म्हणाले.

कडी नाही म्हटल्यावर ते अमडापूरच्या त्यांच्या जुन्या वेल्डिंगवाल्या दोस्ताकडे गेले. चार दिवसांनी एका मालवाहू ऑटोतून दोघं मिळून काहीतरी उतरवू लागले. झोळी टांगायची लोखंडी घोडी, मिटणारी. वेल्डिंगवाले चाचा घाम पुसत मला म्हणाले, "बेटा, मैंने इन्को बोला, ये हवाई जहाज में नहीं बैठती. म्हनले, तू बनव, बसवाचं मी पाहतो."

मी काट्यावर ठेवली. तेरा किलो. तरी बाबा हटेनात, म्हणाले, साड्या कमी ने. शेवटी नवऱ्यानं फोनवर सांगितलं, की मोठं सामान रोमला मिळणारच नाही, ते मुंबईहून थेट पोर्तुगालला जाणार.

बाबांना ते पटेना. "माणूस इथं उतरते अन् सामान पुढं जाते? आमच्या गाडीत असं झालं असतं तं लोकायनं मलेच टपावर बांधलं असतं." घोडी अंगणात राहिली आणि दुसऱ्या दिवसापासून आई तिच्यावर गोधड्या वाळत घालू लागली.

मग आईनं निकाल दिला. "कडी तिकडं नेता येत नाई, तं पोट्टीची सवय मोडा. पुरा महिना आहे."

झालं, माझी शिस्त सुरू झाली. रोज बारा वाजता खाली गादी, खिडकी बंद, मी शेजारी. पहिल्या दिवशी ती अशी रडली की शेजारच्या काकू पीठ भरल्या हातानं विचारायला आल्या. पण सहाव्या दिवशी ती गादीवर झोपली. मी खूश. सातव्या दिवशी मला कागदांच्या झेरॉक्ससाठी चिखलीला जावं लागलं, आणि आठव्या दिवशी पुन्हा पहिल्या दिवसासारखी रडारड. पुन्हा चार दिवस घासले, पुन्हा झोपली. पुन्हा मी एक दिवस बाहेर गेले आणि पुन्हा पालथ्या घड्यावर पाणी. मी दातांना दोष दिला. आईनं नजरेला दिला आणि मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. बाबांनी कुणालाच दोष दिला नाही, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

एकदा चिखलीला दुकान बंद निघालं आणि मी लवकर परत आले. चप्पल काढतानाच कडीचा कुई-कुई आवाज ऐकू आला. मधल्या खोलीत झोळी टांगलेली, झोळीची दोरी बाबांच्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली, आणि ते डोळे मिटून पुटपुटत होते, "नांदुरा ठेसन... जिनिंग... वडाचा फाटा... खामगाव... शाया... पूल..." त्यांच्या मुक्कामी गाडीचे थांबे, कापसाच्या जिनिंगपासून शाळा-पुलापर्यंत, ओळीनं. शेजारी आई तूर निवडत बसलेली. म्हणजे निकाल देणारा न्यायाधीशही सामील.

माझं डोकंच फिरलं. "पोरीला टाइमटेबल शिकवताय का?" मी ओरडले. "मी इथे इतके दिवस मरमर करतेय आणि तुम्ही माझ्या पाठीमागे हे! तिथे मी एकटी असणार आहे, बाबा. ती रडत सुटली तर मी कुणाकडे बघू?"

बाबांनी अंगठ्याची दोरी सावकाश सोडली. "मी बी एकटाच राहीन ना मंग," ते म्हणाले. आई शेजारीच बसली होती, तिच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. "मले तिच्यासाठी दुसरं काय येते? एवढं निजवता येते. गादीवर आपलीआप निजाले लागली तं महिन्याभरात इसरते हे मले. लेकरू आहे, त्याचा काय दोष?"

मला त्यांचं फार वाईट वाटलं आणि रागही तेवढाच होता. मी जेवायला बसले आणि रागातच तीन भाकरी खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच झोळी सोडली. बारा वाजता मी गादी घातली तर ते येऊन भिंतीला टेकून बसले. "हात नाई लावत," म्हणाले. खरंच लावला नाही. नुसते बसून पुटपुटत राहिले. तीन दिवस ती कुरकुरली, चौथ्या दिवशी निमूट झोपली, आणि मग निघेपर्यंत रोज झोपली. मी नवऱ्याला फोन करून कळवलं, की माझ्या शिस्तीला यश आलं.

नांदुऱ्याच्या स्टेशनवर बाबांनी एकही सूचना केली नाही. गाडी आली तेव्हा त्यांनी एक पिशवी माझ्या हातात दिली. आत झोळीचं लुगडं होतं.

"कडी नाही तिथे, बाबा."

"पांघराले," ते म्हणाले आणि नातीकडे न बघता डब्याचा नंबर बघू लागले.

रोममध्ये आम्ही सकाळी उतरलो. नऊपैकी एका कारंज्यापर्यंत आम्ही पोचलो. तिथे लेक पाण्याकडे पाठ करून बसली आणि तासभर रस्त्यावरचे खडे वेचून माझ्या पर्समध्ये भरत राहिली. बारा वाजता खोलीवर आलो. सगळं योजनेप्रमाणे: पडदे बंद, दूध प्यायलेलं, लाकडी पलंग, मी शेजारी. आणि ती रडायला लागली.

थापटून झालं. कडेवर घेऊन झालं. लुगडं अंथरून झालं, पांघरून झालं. पाऊण तास ती रडत होती आणि शेवटी माझ्याही डोळ्यांना धार लागली. घरमालकीण बाई दार वाजवून आत आल्या आणि त्यांनी आधी छताकडे पाहिलं. मग माझ्याकडे. माझ्या शिस्तीत काय राहिलं तेच मला कळेना. गादी होती, अंधार होता, मी होते. नव्हते ते फक्त भिंतीला टेकलेले बाबा.

मी खाली फरशीवर भिंतीला टेकून बसले आणि पुटपुटायला लागले. "नांदुरा ठेसन..."

रडणं एकदम थांबलं.

"वडाचा फाटा..."

तिनं कठड्यातून डोकं वर काढलं आणि माझ्याकडे रागानं पाहून ती म्हणाली, "जिंग!" माझ्याकडून जिनिंगचा स्टॉप सुटला होता. मी गाडी मागे घेतली. नांदुरा ठेसन, जिनिंग, वडाचा फाटा. खामगावला तिचे डोळे मिटले. मी नुसती गादी घालत होते, शिस्त बाबांची होती, हे मला त्या फरशीवर कळलं.

"प्रार्थना आहे का ही?" बाईंनी दारातून हळूच विचारलं. मी मान डोलावली.

मग गॅलरीत जाऊन घरी फोन केला. तिकडे चहाची वेळ होती. बाबांनी पहिल्याच रिंगला उचलला.

"निजली काय?"

"निजली. तुमच्याच गाडीत, बाबा. जिनिंग सुटलं तर ओरडली माझ्यावर."

त्यांनी आधी तेच आईला ओरडून सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "कुठवर आली?"

"खामगाव."

"म्हणजे उंद्री आलीच नाई."

"नाही आली."

"बरं. रोज म्हणत जाय," ते म्हणाले, आणि मला त्यांच्या आवाजावरून कळलं की ते रडत होते.

मी रोज म्हणत गेले. नव्या घरी, नव्या पलंगाजवळ, वर्षभर. उंद्री कधी यायचीच नाही, ती खामगावला नाहीतर शाळेजवळ झोपून जायची. एका दुपारी मात्र झोप लांबली. शाळा गेली, पूल गेला, आणि मी म्हटलं, "उंद्री." ती पलंगावर उठून बसली, पाय खाली सोडले आणि म्हणाली, "आबा. उतरायचं."

मी तिच्यासमोरच बाबांना फोन लावला आणि ती काय म्हणाली ते सांगितलं.

"मंग उतरव ना तिले," बाबा म्हणाले. "कायले थांबवून ठेवलं?"