खालून मोजायच्या पिना

"मावशी, खरं सांगा. कुणी रागावणार नाही. पडला ना तुमच्या हातून?"

साहेबांनी हे चार पाहुण्यांसमोर विचारलं. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. टेबलावर जुना रेडिओ उघडा. त्यातला बल्बसारखा काचेचा व्हॉल्व्ह आत लालसर पेटलेला, पण आवाज नाही. खरखरसुद्धा नाही.

व्हॉल्व्ह पडला नव्हता. मी त्याला बोटही लावलं नव्हतं. त्या खोलीतली धूळ झटकायला साहेबांनी मला रंगाचा मऊ ब्रश दिला होता. तेवढाच तिथल्या वस्तूंना लागायचा.

तरी मी म्हणाले, "व्हय साहेब. लागला असंल हात."

पाहुणे म्हणजे साहेबांसारखेच निवृत्त, जुन्या रेडिओंचा नाद असलेले. त्यातले एक म्हणाले, "चौथी पासच्या हाती एवढी जुनी काच दिलीत, चूक तुमचीच." सगळे हसले. साहेब म्हणाले, "जाऊ द्या, मी माफ केलं." न केलेल्या गोष्टीची माफी मी खाली मान घालून घेतली. चहा दिला. कप गोळा केले, विसळले.

जुळे सोलापुरातल्या या एकाच इमारतीत मी तीन घरांची कामं करते. साहेब माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, तरी मला मावशी म्हणतात. कामाला लागले तेव्हा साहेबांच्या बायकोनं, मॅडमनी, विचारलं होतं, शिक्षण किती. चौथी, म्हणाले. तेवढ्यावर माझी ओळख संपली. मीही ती संपू दिली.

माझ्या वडलांचं भवानी पेठेत रेडिओ दुरुस्तीचं बारकं दुकान होतं, हे मी कधी सांगितलं नाही. शाळा सुटली आणि मी दुकानात बसायला लागले. वडलांची नजर अधू झाली होती. बारीक पिना मीच मोजायची. शेजारी माग चालायचे, त्या खडखडाटात बोललेलं ऐकू यायचं नाही. वडील बोटानं शिकवायचे. माझ्या हातातला व्हॉल्व्ह उलटा करायचे, पिना माझ्या तोंडाकडं. मधल्या काळ्या खुंटीला एक कंगोरा असतो. त्याच्यापासून सुरुवात, आणि घड्याळाच्या काट्यासारखं फिरायचं. एक ते आठ. व्हॉल्व्ह खोचायची चकती, म्हणजे सॉकेट, तेही खालूनच मोजायचं. वरून मोजलं की ते टपली मारायचे.

साहेबांनी सॉकेटभोवती कागदाचे आकडे चिकटवले होते. वरून बघून, घड्याळाच्या काट्यासारखे. आणि त्याच आकड्यांवरून खाली तारा जोडल्या होत्या. म्हणजे एकाची तार आठाला, तीनाची सहाला. सगळंच उलटं. फक्त दोन आणि सात एकमेकांच्या जागी गेले. व्हॉल्व्ह पेटवणारी तार या दोघांतच असते, तिला उलटसुलट चालतं. म्हणून तो पेटायचा. आणि पेटतोय म्हटल्यावर साहेबांना वाटायचं, आपली जोडणी बरोबर.

हे मला पाहुणे यायच्या दोन दिवस आधीच दिसलं होतं. ब्रश फिरवताना. मी गप्प बसले. आपण कोण सांगणारे.

आधी गप्प बसले, मग व्हय म्हणाले. दोन्ही मीच केलं.

सोमवारी रेडिओच्या खोलीच्या दाराला नायलॉनची दोरी आडवी बांधलेली. आत जायचं नाही. मंगळवारी खालच्या मजल्यावरच्या ताईंनी माझ्यासमोरचे काचेचे पेले उचलले आणि स्टीलची भांडी पुढं सरकवली. म्हणाल्या, "तुमचा हात हल्ली थरथरतो म्हणे." तिसऱ्या घरी म्हणाले, पुढच्या महिन्यापासून यायचं की नाही ते बघू. मॅडमनी जिन्यात सगळ्यांना सांगितलं होतं.

घरी येऊन सुईत दोरा ओवून बघितला. एका दमात गेला. तरी हाताकडं बघायची लाज वाटली. हात खोटा नव्हता. तोंड खोटं होतं.

मग कुरिअरनं दुसरा व्हॉल्व्ह आला. तोही पेटला आणि मुका राहिला. साहेबांनी मला हाक मारली. "मावशी, परवा आत गेला होता का?"

दोरी त्यांनीच बांधलेली. गाठ तशीच होती.

"न्हाय," मी म्हणाले. आवाज इतका बारीक की त्यांनी पुन्हा विचारलं. मग मी सगळंच बोलले. "न्हाय साहेब. आन् पयला बी माझ्या हातनं पडला न्हवता. मी खोटं बोलले. तुमी आकडे वरनं मांडलेत. खालनं मोजायचे असत्यात."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"वडलांनी. रेडिओचं दुकान हुतं आमचं."

"बरं, बघतो," म्हणाले आणि दार लोटून घेतलं.

रविवारी रेडिओ वाजत होता. बातम्या चालू होत्या. आकड्यांचे कागद काढून टाकलेले, तारा पुन्हा जोडलेल्या. तेच चार पाहुणे. साहेब सांगत होते, हा नवा व्हॉल्व्ह चांगला निघाला. त्या दिवशी मला चौथी पास म्हणणारे पाहुणे म्हणाले, "आता दोरी सोडू नका बरं का." पुन्हा हसले सगळे.

मी ट्रे खाली ठेवला. पहिला व्हॉल्व्ह फळीवर बिस्किटाच्या डब्यात होता, वर 'खराब' अशी चिठ्ठी. डबा टेबलावर आणून ठेवला.

"ह्यो लावून बघा साहेब."

"कशाला उगाच? नंतर बघू."

"आत्ता लावा. माझं नाव लागलंय त्याला."

मी हलले नाही. साहेबांनी बटण बंद केलं, गार होईतो थांबले, व्हॉल्व्ह बदलला. आत लाल झालं. मग बातम्या पुढं सुरू झाल्या, तेवढ्याच मोठ्यानं.

एकानं साखर मागितली.

मॅडम स्वयंपाकघराच्या दारात होत्या. मी त्यांना म्हणाले, "खालच्या ताईंना तुमीच सांगा, माझा हात थरथरत न्हाय. तुमीच सांगितलं हुतं की." त्या हं म्हणाल्या.

त्याला चार दिवस झाले. अजून सांगितलेलं नाही. उद्या गेले की आधी तेच विचारणार, मग झाडू हातात घेणार. परवाही. काम गेलं तर जाताना जिन्यात उभी राहून मीच सांगीन.

त्या एका 'व्हय'ची लाज अजून जात नाही. जाऊ नये. माझ्या हातून पडलं तर मी कबूल करीन. पडलं नाही, तर कुणाच्याही दारात आता व्हय म्हणणार नाही.