सॅलमँडरच्या फळ्या आणि आपली स्वच्छता मोहीम

मंडळी, आज सकाळी लेकीबरोबर स्टेट कॉलेज गावाजवळच्या जंगलात गेले होते. कंबर धरली आहे, चहा गार झालाय, तरी लिहितेय.

सई तिथल्या सॅलमँडरवर पीएचडी करते. दिसायला पालीसारखा, बोटभर लांबीचा हा जीव. फुप्फुसं नाहीत, ओल्या कातडीनंच श्वास घेतो. तिनं झाडांखाली लाकडी फळ्या टाकल्या होत्या. फळी उचलायची, खालचे सॅलमँडर मोजायचे, मातीची ओल तपासायची, फळी हळूच परत ठेवायची.

आज फळ्याच नव्हत्या. नुसत्या चौकोनी खुणा.

मग आठवलं, काल आपल्याच मंडळाची तिथे स्वच्छता मोहीम होती! मोहीम चालवणाऱ्या श्रीकांतकाकांना फोन लावला.

“अगं, काय कुजका माल होता! ट्रक भरला. फोटो बघितलेस ना?”

सईनं फोन घेतला. “काका, त्या माझ्या होत्या. माय होल थीसिस.”

काका म्हणाले, “अरे देवा! बेटा, आजच नव्या आणतो, पॉलिश केलेल्या!”

“नो पॉलिश, काका, प्लीज! साधं लाकूड.”

नवं लाकूड हिवाळाभर भिजून मुरतं, तेव्हा कुठे सॅलमँडर त्याखाली येतात. म्हणजे तिचं एक वर्ष गेलं. ती रडली नाही, गाडीत बसल्याबसल्या झोपली.

संस्कृतच्या वर्गात मी निष्काम कर्म शिकवते. मंडळाला त्याहून अवघड काम सांगतेय. रविवारी येऊन फळ्या टाकायच्या आणि नंतर वर्षभर तिथे काहीही करायचं नाही. आपल्यापैकी कुणाला जमेल?