भेळवाल्याच्या हातावरचे ठिपके

"बंद करा तुमची ती लाईट," आत येताच तात्या म्हणाले. मागे त्यांचा धाकटा भाऊ किसन. बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावलेली, मान खाली.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बारामतीत माझं स्किनचं क्लिनिक नवं होतं. किसनची निमगाव केतकीच्या बाजारात भेळेची गाडी. हातांवर कोडाचे पांढरे डाग उठले आणि गिऱ्हाईक शेजारच्या गाडीवर जायला लागलं. कोड शिवून पसरत नाही हे सांगून मी थकले, पण भेळ हातानं कालवायची आणि लोक हाताकडंच बघणार. शेवटी बायको कालवायला उभी राहिली आणि किसन मागं बसून कांदा चिरायला लागला. तात्यांचं म्हणणं, गाडी विकून शेतावर ये.

मी त्याला पुवा नावाचा उपचार सुरू केला होता. आधी गोळी घ्यायची, तिनं कातडी उजेडाला हळवी होते. मग अल्ट्राव्हायोलेट नळ्यांच्या पेटीत हात धरायचे. त्या उजेडानं रंग तयार करणाऱ्या पेशी जाग्या होतात. म्हणजे, झाल्या तर. किसन कित्येक महिने एसटीनं येत होता आणि हात जसेच्या तसे. त्याला बघितलं की मलाच कसंतरी व्हायचं.

"पांढरं हुतं ते हुतंच, आता त्यात काळं बी आलं," तात्या म्हणाले. "लाईटीनं करपवलं तुमी त्याला."

पुवानं भाजू शकतं. मी बाही वर करायला लावली. पांढऱ्या डागांत मोहरीएवढे काळपट ठिपके, भोवती कातडी लाल. फोड मात्र एकही नाही.

"हे लाल कशानं?"

"घासणीनं," किसन पुटपुटला. "रोज घासतोय बाई. काळं जात न्हाय."

मी भिंग लावलं. प्रत्येक ठिपक्याच्या मधोमध एक केस. मला हसूच फुटलं, इतकं हायसं वाटलं. तात्या भडकले. मग त्यांच्याच हातात भिंग दिलं आणि सांगितलं, कोडात रंग परत येतो तो बहुतेक केसांच्या मुळातून, असा ठिपक्याठिपक्यानं. पुढं ठिपके पसरतात आणि एकमेकांना मिळतात.

तात्या बराच वेळ बघत राहिले. "म्हंजी ह्यो त्याचा सोताचा रंग हाय?"

"त्याचाच. जात नाही ना? जायलाच नको."

किसन तिथंच रडायला लागला. तात्यांनी त्याची दुसरी बाही दुमडली आणि तो हात भिंगाखाली धरला.

घासणी बंद झाली, लाईट चालू राहिली. हात हळूहळू भरून आले. बोटांची टोकं पांढरीच राहिली, तिथं केस नसतात. तरी किसन बाह्या दुमडून भेळ कालवायला उभा राहिला, आणि कुणी बोटांकडं बघितलंच तर तात्या त्याला भिंगासकट सगळी हकिकत ऐकवायचे.

तेव्हापासून मी पेशंटला पहिल्याच दिवशी ठिपक्यांचं सांगून ठेवते. सुधारणा कशी दिसते ते माहीत नसलं, की माणूस तीसुद्धा घासून काढायला बघतो.