भूमितीच्या बाईंचे शनिवार

सरला गेल्याचा निरोप आला तेव्हा मी सातवीच्या वर्गात फळ्यावर नाईल नदी काढत होते. शिपाई दारात येऊन थांबला. मी बाहेर जाऊन ऐकलं आणि परत येऊन नदी समुद्रापर्यंत नेली. धडा अर्धवट सोडलेला तिला खपला नसता. त्याला आता महिना होऊन गेला. रडायचं ते रडून झालं. आमच्या मुलुंडच्या शाळेत ती भूमितीच्या कडक बाई म्हणून ओळखली जायची, आणि मी पाहिलेली सरला मात्र एखादी ओळ नीट वाचली गेली की जागेवरून उठून खोलीभर फिरणारी बाई होती. ते कुणीतरी सांगायला हवं, म्हणून लिहिते आहे.

सरला ख्रिस्ती, मी रत्नागिरीकडची हिंदू. तिचं माहेर एका चर्चचं, सासर दुसऱ्याचं. सणाला दोन्हीकडची माणसं जेवायला जमली की बाप्तिस्म्याला पाणी शिंपडायचं की माणूस बुडवायचा, यावरून भांडी वाजायची. नवरा गेल्यावर दोन्हीकडून तिला ओढायला सुरुवात झाली. मुलीला, निर्मलाला, ओळखीची माणसं असावीत म्हणून ती सासरच्या चर्चमध्ये जात राहिली, पण बायबलचं पुस्तक मात्र आपलं आपण वाचायचं असं तिनं ठरवलं. शनिवारी शाळा अर्धा दिवस. दुपारी घाटकोपरच्या तिच्या खोलीत चटई पडायची आणि ज्याला यायचं त्यानं यावं. नियम एकच, आणि तो भूमितीतून आलेला. आधी पक्ष मांडायचा, म्हणजे मजकुरात दिलेलं काय आहे तेवढंच सांगायचं, मग साध्य, मग सिद्धता. ‘आमच्याकडे असं मानतात’ ही सिद्धता धरली जाणार नाही. टीकाग्रंथ आणायचे नाहीत. मला धर्म बदलायचा नव्हता आणि तिला माझा बदलायचा नव्हता, हे पहिल्याच दिवशी बोलून मोकळ्या झालो.

मी गेले ती कुतूहलानं, आणि अडकले ती नकाशामुळे. एक माणूस यरुशलेमहून खाली यरीहोस चालला होता, अशी त्यात गोष्ट आहे. ‘खाली’ का, असं सरलानं विचारलं. पुढच्या शनिवारी मी शाळेचा नकाशासंग्रह घेऊन गेले. यरुशलेम डोंगरावर आणि यरीहो समुद्रसपाटीच्याही खाली! वीस वर्षं भूगोल शिकवत होते, पण हा उतार कधी बघितला नव्हता. सरलानं तो माझ्याकडून ओढूनच घेतला आणि मरोळहून मुलाकडे राहायला आलेल्या मेरीबाईंच्या मांडीवर पसरला. मेरीबाई कॅथलिक, साठीच्या, एकेक अक्षर बोटाखाली धरून वाचणाऱ्या. पुस्तक आपल्या हातांनी उघडायची सवय त्यांच्या घरात नव्हती. त्या बोटानं तो उतार पुन्हा पुन्हा उतरल्या.

मग नाताळाआधी आम्ही ज्ञानी लोकांपाशी आलो. पूर्वेकडून ते बाळ येशूला भेटायला आले... किती? तीन, असं सगळे एकदम म्हणालो. पक्षात दाखवा, सरला म्हणाली. शोधलं, तर सोनं, ऊद आणि गंधरस अशा तीन वस्तू दिलेल्या. माणसं किती ते दिलेलंच नाही. दर नाताळाला घरी मातीच्या बाहुल्यांचा गोठा मांडणाऱ्या मेरीबाई पुस्तकाकडे बघतच राहिल्या. “काय सांगतेस गो, सरले? माझ्या गोठ्यातला तिसरा मग कोणाचा पाहुणा?” आम्ही इतक्या हसलो की चहा उतू गेला.

सरलानं तिथंच थांबायला हवं होतं. पण चर्चमधल्या मुलांचं नाटक तिच्याकडे होतं, आणि काम न मिळालेली मुलं रुसून बसली होती. तिनं सगळ्यांना पगड्या बांधल्या. नाताळाला रंगमंचावर ज्ञानी लोकांची रांगच निघाली. पुढच्यांना मागच्यांचा धक्का लागून गोठा आडवा झाला. लोक हसले. पाळकसाहेब हसले नाहीत. चौकशी झाली, शनिवारची हकीकत बाहेर आली. हिंदू बाई, कॅथलिक बाई, आणि अर्थ सांगायला कुणी अधिकारी माणूस नाही. त्यांनी सांगितलं, हे बंद करा, नाहीतर मे महिन्यात निर्मलाचं लग्न या चर्चमध्ये लागणार नाही.

सरलाला चर्चमधल्या त्या लग्नाची किती आस होती ते मला ठाऊक होतं. नवरीची पांढरी साडी तिनं आधीच आणून ठेवली होती. तिनं आम्हाला येऊ नका म्हणून सांगितलं. शाळेत ती नेहमीसारखी शिकवत होती, पण मधल्या सुट्टीत माझ्याशी डब्याखेरीज बोलायची नाही... निर्मलाला कारण सांगितलं नव्हतं. मला वाटेत गाठून तिनं सरळ विचारलं आणि मी सरळ सांगितलं. ती मला हाताला धरूनच घरी घेऊन गेली.

“आई, लग्न माझं आहे ना? मग माझ्या नावावर शनिवार कशाला बंद करतेस?”

“तुला पुढे वाईट वाटेल गं.”

“वाटेल. पण तुझं हे तोंड बघत बोहल्यावर उभी राहिले तर जास्त वाटेल.”

लग्न सरकारी कचेरीत नोंदलं गेलं. मुलाकडच्यांनी कुरकुर केली, तरी आले. जेवण सरलाच्या खोलीत, केक मेरीबाईंचा. वार शनिवार. जेवणं झाल्यावर सरलानं काना गावच्या लग्नाची गोष्ट काढली, येशू पाण्याचा द्राक्षारस करतो ती. निदान आज तरी लेकीनं ऐकावी म्हणून. निर्मला कधीच आमच्यात बसलेली नव्हती. तिनं ऐकलं, पुस्तक मागून घेतलं, पुन्हा वाचलं आणि म्हणाली, “वर आहे, वऱ्हाडी आहेत, वाढपी आहेत. यात नवरी कुठे आहे?” आम्ही पानावर तुटून पडलो. नवरीचा उल्लेखच नाही! इतक्या वर्षांत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. सरला उठली आणि पाहुण्यांच्या पत्रावळींमधून वाट काढत खोलीभर फिरली. चर्चमध्ये लग्न लागलं असतं तर तिचा चेहरा याहून उजळला असता, असं मला वाटत नाही.

शनिवार पुन्हा सुरू झाले, ते ती जाईपर्यंत. तिच्या दफनाला पाळकसाहेब आले, प्रार्थना त्यांनीच केली, आणि चांगली केली. हेही सांगायला हवं.

त्यानंतरच्या शनिवारी निर्मलानं मला आणि मेरीबाईंना सरलाच्या खोलीवर बोलावून घेतलं. मला वाटलं, सामान आवरायचं असेल. वर गेले तर चटई पडलेली. खिडकीजवळची सरलाची जागा आम्ही सोडून बसलो. निर्मला म्हणाली, तिथे उजेड चांगला आहे, कुणीतरी बसा. मेरीबाई धपकन जाऊन बसल्या. सरलानं सोडलं होतं तिथून पुढे वाचायला घेतलं, आणि पानभरातच आमचं जुंपलं. आवाज वाढला. खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या आणि दारातच थबकल्या.

“तुमच्याकडे दुखवटा आहे ना?”

“आहे,” निर्मला म्हणाली. “म्हणूनच बसलोय. या, आत या.”

त्या चपला काढून आत आल्या.